जुन्या गाडीचं पाणी बदलताना

मे महिन्यात खंबाटकी घाटात बॉनेट उघडून उभी असलेली गाडी दिसली, की दुखणं बहुधा रेडिएटरचं असतं. १९८३ ते २०१४ या काळात बनलेल्या मारुती ८०० अजूनही धावतात आणि त्यातल्या काहींत कूलंटऐवजी चक्क नळाचं पाणी असतं.

नळाच्या, त्यातून बोअरच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात, गंज चढतो. इथिलीन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घेतलं तर उकळबिंदू १०६ अंशांच्या आसपास जातो. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं, त्यामुळे तो आणखी चढतो. म्हणून ढिलं झाकण महागड्या कूलंटवरही पाणी फिरवतं!

काम सोपं, घाई मात्र नको. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकणाला हात लावू नये. उकळती वाफ थेट अंगावर येते. हीटरचा खटका गरमकडे करून खाली टब ठेवायचा आणि रेडिएटरच्या तळाची चावी सोडायची. तांबूस गाळ आला तर साधं पाणी भरून, इंजिन थोडं चालवून, थंड झाल्यावर पुन्हा काढायचं. स्वच्छ येईपर्यंत.

नवं कूलंट भरल्यावर झाकण उघडं ठेवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवायचं. बुडबुडे थांबले, की पातळी भरून झाकण लावायचं. आत अडकलेली हवा पुढे इंजिन तापवते.

हिरवा की लाल, या रंगावरून प्रकार ठरत नाही; गाडीची पुस्तिका पाहावी.

आणि काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. ते गोड लागतं आणि कुत्र्यामांजरांच्या जिवावर बेततं.