हरित कर्ज आणि तोट्यातल्या कंपन्या: गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना कर्ज देताना बँकांनी हात आखडता घ्यावा, असं धोरण चीनने २००७ मध्ये आणलं. २०१२ च्या हरित कर्जविषयक मार्गदर्शक सूचनांनी त्याला धार आली. आधीच तोट्यात असलेल्या कंपन्यांवर अशा धोरणाचा काय परिणाम होतो, याबद्दल मात्र बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज १: हरित कर्ज म्हणजे सौर आणि पवन ऊर्जेसाठी स्वस्त कर्ज.
वस्तुस्थिती: ही झाली एक बाजू. पर्यावरणाचे नियम न पाळणाऱ्या ग्राहकाला कर्ज देऊ नका आणि मोठा धोका दिसला तर मंजूर कर्जाची उचलही थांबवा, असंही चीनने बँकांना बजावलं होतं. अडचणीतल्या कंपन्यांना झळ लागते ती या दुसऱ्या बाजूची.

गैरसमज २: बुडत्या कंपनीला बँक तशीही कर्ज देत नाही.
वस्तुस्थिती: पुष्कळदा देते. समजा, एका पोलाद कारखान्यावर १०० कोटींचं कर्ज आहे. वर्षाचं व्याज ८ कोटी आणि कमाई ५ कोटी. उरलेले ३ कोटी थकले, तर खातं अनुत्पादित ठरतं, बँकेला तरतूद करावी लागते, नफा घटतो. म्हणून बँक ३ कोटींचं नवं कर्ज मंजूर करते, त्यातूनच व्याज वळतं होतं आणि कागदोपत्री खातं नियमित राहतं. किमान १० वर्षं जुन्या आणि सलग ३ वर्षं कमाईतून व्याजही न भागवू शकणाऱ्या अशा कंपन्यांना अर्थतज्ज्ञ ‘झॉम्बी’ म्हणतात. त्यातली एखादी प्रदूषणाचे नियमही मोडत असेल, तर हरित नियमामुळे कर्ज अधिकाऱ्याला नकार द्यायला लेखी आधार मिळतो.

गैरसमज ३: अशी कंपनी तग धरून राहिली तर कुणाचं काय बिघडतं?
वस्तुस्थिती: शेजारच्या धडधाकट कंपनीचं बिघडतं. १९९० च्या दशकातल्या जपानवर काबालेरो, होशी आणि कश्यप यांचा २००८ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. ज्या उद्योगांत झॉम्बी कंपन्या जास्त, तिथे चांगल्या कंपन्यांची गुंतवणूक आणि रोजगारवाढ मंदावलेली त्यांना आढळली.

गैरसमज ४: कर्ज थांबलं की कंपनी एक तर सुधारते, नाही तर बंद पडते.
वस्तुस्थिती: तिसरी वाटही असते. पुरवठादारांची बिलं लांबवायची, बाहेरून चढ्या व्याजाने पैसा उचलायचा. सरकारी कंपनीच्या पाठीशी निदान कुणी तरी उभं असतं. छोट्या खासगी कारखान्याला मात्र धुराड्यावर नवी यंत्रणा बसवायलाही कर्जच लागतं. नियम डोळे झाकून लावला, तर सुक्याबरोबर ओलंही जळतं. म्हणून प्रदूषण घटवण्यासाठीचं कर्ज आणि जुनं व्याज फेडण्यासाठीचं कर्ज यांत बँकेला फरक करता आला पाहिजे.

गैरसमज ५: अशा कंपन्यांना आवर घालण्याचं काम बँका एकट्या निभावतील.
वस्तुस्थिती: २०१६ मध्ये चीनने ५ वर्षांत १० ते १५ कोटी टन पोलाद उत्पादनक्षमता कमी करायचं ठरवलं. कोळसा आणि पोलाद मिळून सुमारे १८ लाख कामगारांवर गदा येईल, असा तिथल्या सरकारचाच अंदाज होता. त्यांच्या पुनर्वसनासाठी केंद्राने १०,००० कोटी युआन बाजूला काढले. कर्ज नाकारणं बँकेच्या हातात असतं. कारखाना बंद पडल्यावर कामगाराचं काय करायचं, हे सरकारलाच ठरवावं लागतं. ते आधी ठरलं नसेल, तर कामगार आणि स्थानिक पुढारी ‘कारखाना वाचवा’ म्हणून उभे राहतात आणि बँकेवर पुन्हा नव्या कर्जासाठी दबाव येतो.