व्यवहार वरच्या थरावर, पुरावा तळाशी

२०१७च्या अखेरीस इथेरियम या ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून सांभाळलेल्या नोंदींच्या साखळीवर, ‘क्रिप्टोकिटीज’ हा खेळ आला. आभासी मांजरं विकत घ्यायची, त्यांची पिल्लं वाढवून विकायची. खेळ इतका गाजला की सारं जाळंच तुंबलं. मांजरांशी काडीचा संबंध नसलेल्यांचे व्यवहारही रखडले.

याचं मूळ इथेरियमच्या रचनेतच आहे. इथला प्रत्येक व्यवहार हजारो संगणक स्वतंत्रपणे तपासतात. म्हणून खोटी नोंद घुसवणं महाकठीण. पण त्यापायी मुख्य साखळीचा वेग सेकंदाला जेमतेम पंधरा-वीस व्यवहारांवर अडकून राहिला. बिटकॉइनचा तर सातच्या आसपास. जागा थोडी आणि रांग मोठी, तेव्हा जो जास्त शुल्क मोजेल त्याचा नंबर आधी. २०२१च्या आभासी चलनांच्या तेजीत एक टोकन देऊन दुसरं घ्यायलाही अनेकदा हजारो रुपये पडत.

यावर उपाय निघाला तो थरांचा. ‘रोलअप’ हा वरचा थर शेकडो व्यवहार स्वतःकडे उरकतो, त्यांची माहिती आवळून एकच गठ्ठा इथेरियमवर नोंदवतो. स्वतंत्र जीप करण्याऐवजी एसटीनं जावं, तसा प्रत्येकाच्या वाट्याचा खर्च उतरतो.

गठ्ठ्यातला हिशेब खरा कशावरून? आर्बिट्रम आणि ऑप्टिमिझम हे रोलअप तो आधी खरा धरतात आणि आक्षेपासाठी साधारण सात दिवस ठेवतात. त्यामुळे पैसे थेट मुख्य साखळीवर परत न्यायचे तर आठवडाभर थांबावं लागतं. झेडकेसिंक, स्टार्कनेट हे रोलअप मात्र गठ्ठ्यासोबत गणिती पुरावा जोडतात. इथेरियमला तेवढाच तपासावा लागतो.

१३ मार्च २०२४ रोजी ‘डेन्कुन’ सुधारणा लागू झाली. रोलअपच्या माहितीसाठी ‘ब्लॉब’ ही वेगळी, स्वस्त जागा मिळाली. तिथली माहिती सुमारे अठरा दिवसच ठेवली जाते. पडताळणीला तेवढा अवधी पुरतो. कायमच्या साठवणुकीचा भार टळल्यानं कित्येक रोलअपवरचं शुल्क काही रुपयांवर, कधी पैशांवर आलं.

महाराष्ट्रालाही हा विषय परका नाही. २०२२मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत ६५ हजार जातप्रमाणपत्रं ब्लॉकचेनवर नोंदवण्याचा उपक्रम हाती घेतला गेला. त्यासाठी निवडलेलं पॉलिगॉन हे भारतीय तरुणांनी उभारलेलं जाळं. ते आपल्या नोंदींचा सारांश ठरावीक काळानं इथेरियमवर ठेवतं. मात्र रोजची सुरक्षितता त्याच्या स्वतःच्या पडताळणीदारांवर अवलंबून असते. रोलअपमध्येही व्यवहारांचा क्रम लावणारा ‘सिक्वेन्सर’ बहुधा एकाच संस्थेच्या हाती असतो.

जातप्रमाणपत्रावर एखाद्या मुलीचं शिक्षण आणि नोकरी ठरते. म्हणून अशी कोणतीही यंत्रणा स्वीकारताना शुल्काच्या आकड्यावर थांबू नये. वरचा थर बंद पडला तर तळच्या साखळीवरून आपली नोंद सिद्ध करता येईल का, हे आधी विचारावं. उत्तर ‘हो’ असेल, तरच ती स्वस्ताई खरी.