लावलेल्या क्रमांकाची ओळख : शेतकरी साहाय्यवाणीतील एक दुर्लक्षित दुवा

केंद्रीय कृषी मंत्रालयाने २१ जानेवारी २००४ रोजी किसान कॉल सेंटर योजना सुरू केली. तिचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांक आज गावोगावी परिचित आहे. पुढे पीएम-किसान योजनेसाठी १५५२६१, पीक विम्यासाठी १४४४७ असे स्वतंत्र क्रमांक आले. संशोधन संस्था व कृषी विज्ञान केंद्रे यांचेही आपापले दूरध्वनी आहेत. अनेक क्रमांकांवरील कॉल एकाच केंद्रात घ्यायचे ठरले, की एक प्रश्न उभा राहतो : आलेला कॉल नेमका कोणत्या क्रमांकावर लावला गेला होता?

कॉल करणाऱ्याचा क्रमांक पडद्यावर दिसतोच. परंतु त्याची गरज कोणती, हे बहुधा त्याने लावलेल्या क्रमांकावरून कळते. पीक विमा योजनेत गारपीट, भूस्खलन यांसारख्या स्थानिक आपत्तीने झालेल्या नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. असा कॉल सर्वसाधारण चौकशीच्या रांगेत अडकला, तर शेतकऱ्याच्या हातातील मोलाचा वेळ वाया जातो.

पूर्वी प्रत्येक क्रमांकासाठी वेगळी तार असे. ज्या तारेवर घंटी वाजली, तोच लावलेला क्रमांक. नंतर ३० संभाषणे एकाच वेळी वाहणाऱ्या डिजिटल वाहिन्या आल्या आणि दूरध्वनी कंपनी प्रत्येक कॉलसोबत लावलेल्या क्रमांकाचे अंक पाठवू लागली. इंटरनेट दूरध्वनीत हे काम ‘सिप’ या संकेतप्रणालीकडे आले. जून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेले आरएफसी ३२६१ हे तिचे मुख्य मानक होय.

सिपमध्ये प्रत्येक कॉलची सुरुवात ‘इन्व्हाइट’ नावाच्या संदेशाने होते. त्याच्या पहिल्या ओळीत कॉल पुढे कोठे पोहोचवायचा, तो पत्ता असतो. ‘टू’ या रकान्यात कॉल मुळात कोणासाठी होता, ते असते. ‘फ्रॉम’मध्ये करणाऱ्याची ओळख असते. पहिल्या ओळीतील पत्ता वाटेत बदलू शकतो. केंद्राची यंत्रणा कंपनीकडे खातेनावाने नोंदलेली असेल, तर पुष्कळदा तेथे लावलेल्या क्रमांकाऐवजी ते खातेनावच येते. अशा वेळी क्रमांक ‘टू’ या रकान्यातून वाचावा लागतो.

निःशुल्क क्रमांकांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. १८०० ने सुरू होणारा क्रमांक कंपनीच्या जाळ्यात एखाद्या साध्या क्रमांकात रूपांतरित होतो आणि कॉल त्या क्रमांकाकडे वळवला जातो. मूळ क्रमांक पुढे कळवण्यासाठी ‘डायव्हर्जन’ व ‘हिस्टरी-इन्फो’ हे रकाने आहेत. मात्र कंपनीने ते भरून पाठवले तरच त्यांचा उपयोग. म्हणून सेवा घेतानाच मूळ क्रमांक कोणत्या रकान्यात मिळेल, हे कंपनीकडून लेखी घेणे हिताचे ठरते. तशी सोय नसल्यास प्रत्येक निःशुल्क क्रमांक वेगवेगळ्या साध्या क्रमांकाशी जोडून घ्यावा. म्हणजे त्यावरूनच मूळ क्रमांक ओळखता येतो.

क्रमांकाच्या लेखनपद्धतीमुळेही चूक होते. दिल्लीचा संकेतांक ०११, नोएडा व गाझियाबादचा ०१२०, गुरुग्रामचा ०१२४, तर फरीदाबादचा ०१२९. राजधानी क्षेत्रात अनेक ठिकाणी कार्यालये असलेल्या संस्थेकडे एका मार्गाने क्रमांक ‘+९१११’ने सुरू होऊन येईल, दुसऱ्या मार्गाने ‘०११’ने, तर तिसऱ्या मार्गाने संकेतांकाशिवाय. यंत्रणेला हे तिन्ही वेगळे क्रमांक वाटतात. त्यासाठी आलेला प्रत्येक क्रमांक आधी देशसंकेतासह एकाच साच्यात आणावा आणि मगच यादीशी ताडून पाहावा.

केंद्र सुरू करण्यापूर्वी पुढील चाचण्या कराव्यात :

• प्रत्येक क्रमांकावर स्थिर दूरध्वनीवरून व किमान दोन कंपन्यांच्या मोबाइलवरून कॉल करून इन्व्हाइट संदेशाची नोंद तपासावी.
• दुसऱ्या फोनवरून वळवलेला कॉलही तपासावा.
• क्रमांक न ओळखता आल्यास कॉल तोडू नये. तो थेट माणसाकडे जावा.
• लावलेला क्रमांक उत्तर देणाऱ्याच्या पडद्यावर दिसावा व कॉलच्या नोंदीत कायम राहावा.
• कंपनीने सेवेत बदल केल्यास चाचणी पुन्हा करावी.

एक मर्यादाही ध्यानात ठेवावी. या रकान्यांतील मजकूर पाठवणाऱ्याने लिहिलेला असतो. कॉल कोणत्या रांगेत न्यायचा, हे ठरवण्यास तो पुरेसा आहे. बँक खाते वा आधार यांसारखी माहिती उघड करण्यासाठी मात्र त्यावर विसंबू नये.

हे काम एकदाच नीट बसवायचे असते. ते झाले, की विम्यासाठी कॉल करणाऱ्या शेतकऱ्याचे पहिलेच वाक्य विम्याचे काम जाणणाऱ्या माणसाच्या कानी पडते आणि तीच हकिगत त्याला दुसऱ्यांदा सांगावी लागत नाही.