विरळ तणांची उपेक्षा नको

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात असलेल्या कुंभार पिंपळगावसारख्या गावांच्या शिवारात कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी, हरभरा ही पिके आलटूनपालटून घेतली जातात. पेरणीची वेळ व मशागत बदलल्याने एकाच तणाला दरवर्षी सारखी संधी मिळत नाही, हा फेरपालटीचा मोठा लाभ होय. परंतु खुरपणीनंतर स्वच्छ दिसणाऱ्या रानातही तणाची तुरळक झाडे उरतात. “एवढ्याने काय होणार?” असे म्हणून त्यांच्याकडे काणाडोळा केला जातो. पुढील त्रासाचे मूळ तेथेच असते.

एकटे उरलेले झाड दुबळे नसते. ऊन, ओल व जागा मुबलक मिळाल्याने ते फोफावते आणि भरपूर बी धरते. गाजर गवताच्या एका जोमदार झाडास दहा हजारांहून अधिक बी येऊ शकते. हे गवत १९५५ साली पुण्यात दिसून आले आणि पुढे देशभर पसरले.

बहुतेक तणांचे बी झाडाजवळच पडते. वखर व कोळपे ते औताच्या दिशेने ओढून नेतात आणि एका झाडाच्या जागी लांबट पट्टा तयार होतो. वाहते पाणी, कच्चे शेणखत आणि मळणी यंत्र ते दुसऱ्या शेतातही पोहोचवितात. शिवाय सर्व बी एकाच वर्षी उगवत नाही; काही जमिनीत दडून पुढच्या पिकाची वाट पाहते.

टारफुल्याचे उदाहरण बोलके आहे. ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या या तणाचे धुळीसारखे बी अनेक वर्षे जिवंत राहते. कापसाच्या मुळांजवळ त्यातील काही बी उगवते, पण आधार न मिळाल्याने मरते. मात्र पुढे ज्वारीत चार झाडे जरी बियांवर आली, तरी फेरपालटीने झालेला लाभ वाया जातो.

म्हणून शेवटच्या खुरपणीनंतरही शेतातून एक फेरी मारावी. उरलेली झाडे फुलोऱ्यापूर्वी मुळासकट उपटावीत. गाजर गवत उपटताना हातमोजे घालावेत. उपटलेला केना ओल्या रानात टाकू नये, तो पुन्हा मुळे धरतो. तण आढळले ती जागा खुंटी रोवून ध्यानात ठेवावी व पुढील हंगामात प्रथम तीच तपासावी. औते व यंत्रे झाडून मगच दुसऱ्या शेतात न्यावीत. शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही फेरी शेतकऱ्यांसमवेत बांधासह प्रत्यक्ष करून दाखवावी. आज चार झाडे उपटण्यास घटकाभर पुरते. त्यांचे बी सांडले, तर पुढे कित्येक हंगाम मजुरी मोजावी लागते.