कर्जमाफी अन् २१०० चा शब्द: मतं देणारे समर्थक जाब का विचारत नाहीत?

विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, १० नोव्हेंबर २०२४ ला भाजपनं मुंबईत संकल्पपत्र जाहीर केलं. लाडकी बहीण योजनेचे महिना १५०० चे २१०० करू आणि शेतकऱ्यांचं कर्ज माफ करू, असे दोन मोठे शब्द त्यात होते. महाविकास आघाडीही मागं नव्हती. तिनं महिना ३००० आणि ३ लाखांपर्यंत कर्जमाफी सांगितली होती. २३ नोव्हेंबरला निकाल लागला आणि महायुतीला दणदणीत बहुमत मिळालं.

मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात मात्र २१०० आले नाहीत. महिनाअखेरीस तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी जाहीर कार्यक्रमात सांगून टाकलं, ३१ मार्चच्या आत पीक कर्ज भरा.

मग विचारलं कोणी? विरोधकांनी विचारलं, ते त्यांचं कामच आहे. रस्त्यावर आवाज उठवला तो बच्चू कडू यांनी, जे स्वतः अचलपूरमधून त्याच निवडणुकीत हरले होते. जून २०२५ मध्ये गुरुकुंज मोझरीत उपोषण झालं, ऑक्टोबरमध्ये नागपूरजवळ महामार्ग अडला. त्यानंतर ३० ऑक्टोबरला सरकारनं सांगितलं, कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ पूर्वी घेऊ. म्हणजे साधी तारीख मिळायलाही रस्ता अडवावा लागला. २०१७ लाही असंच झालं होतं. पुणतांब्यातून १ जूनला शेतकरी संप सुरू झाला आणि २४ जूनला दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली.

ज्यांनी घरोघरी चिठ्ठ्या वाटल्या, ते कार्यकर्ते या सगळ्यात फारसे दिसले नाहीत. याचं कारण गावात सगळ्यांना माहीत असतं. कार्यकर्त्याचा रस्ता, सभामंडप, विहिरीची फाईल, तहसीलमधलं काम, उद्याचं पंचायत समितीचं तिकीट, हे सगळं आमदाराच्या एका फोनवर असतं. तो चारचौघांत कसा बोलणार? ज्याचं काहीच अडलेलं नाही असा साधा समर्थकही बोलत नाही, कारण विचारलं की ग्रुपवर लगेच 'तू विरोधकांचा झालास का' सुरू होतं. मग 'थोडा वेळ द्या' आणि 'त्यांनी तरी काय केलं होतं' यावर विषय संपतो. पक्ष कुठलाही असो, उत्तरं हीच. नेत्यालाही हे पक्कं ठाऊक असतं. जे मत कुठं जाणारच नाही, त्याची धास्ती कोण घेतो?

नुकसान मात्र समर्थकाचंच होतं. वेळेत भरणाऱ्याला ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज बिनव्याजी पडतं. माफी होणार म्हणून भरणा थांबवला की खातं थकीत जातं, व्याजाची सवलत जाते आणि सोसायटी नवीन कर्जाला उभं करत नाही. मग बियाण्यासाठी सावकाराचं दार. शब्दावर सगळ्यात जास्त भरवसा ज्याचा, तोच आधी अडकतो.

जाहीरनाम्यावर कोर्टात जाता येईल का, असंही लोक विचारतात. जाहीरनाम्यातलं आश्वासन हा निवडणूक कायद्यानुसार भ्रष्ट मार्ग ठरत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात सांगितलं. त्याच निकालानंतर निवडणूक आयोगानं नियम केला की आश्वासनासाठी पैसा कुठून आणणार, हे पक्षानं ढोबळमानानं तरी सांगावं. सभेत हा प्रश्न विचारणारा माणूस अजून विरळाच.

एक वाट आहे, तिची माहिती गावात कमी आहे. सभेतला शब्द कुठं नोंदला जात नाही, पण मंत्र्यानं विधानसभेत किंवा विधान परिषदेत 'करू' म्हटलं की ते आश्वासन ठरतं. ते पाळलं की नाही, हे बघायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. त्यामुळं आमदार गावात आला की 'कर्जमाफी कधी' एवढंच विचारून थांबू नये. तुम्ही सभागृहात तारांकित प्रश्न टाकला का, लक्षवेधी मांडली का, मंत्र्यानं काय उत्तर दिलं, हे विचारावं. सत्ताधारी आमदारालाही प्रश्न टाकता येतो. ग्रामसभेत ठराव करून त्याची प्रत आमदाराला दिली, पोच घेतली, तर मागणी कागदावर राहते. हा ठराव सत्ताधारी पक्षाच्या कार्यकर्त्यानं मांडला, तर आमदाराला तो विरोधकांचा डाव म्हणून बाजूला टाकता येत नाही.