समतेच्या वक्तृत्व स्पर्धेत आपण नक्की काय मोजतो?

(कोल्हापुरात माध्यमिक शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



जून महिना आला की आपल्या जिल्ह्यातल्या शाळांत लगबग सुरू होते. 26 जूनला राजर्षी शाहू महाराजांची जयंती असते. महाराष्ट्रात तो दिवस सामाजिक न्याय दिन म्हणून पाळतात. मग वक्तृत्व स्पर्धेचं पत्रक येतं. आठवी ते दहावीचा गट, पाच मिनिटं वेळ, चौथ्या मिनिटाला पहिली घंटा. मी अशा स्पर्धांना बरीच वर्षं परीक्षक म्हणून बसतोय. आज सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

नववीतला एक मुलगा होता. त्याच्या आधी पंधरा-सोळा भाषणं झाली होती. सगळ्यांची सुरुवात ‘सन्माननीय व्यासपीठ’पासून, आणि शेवट ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ असा. हा आला आणि म्हणाला, “आमच्या घरात भांडी घासायला मावशी येत्यात. त्यांचा चहाचा कप वेगळा असतो. त्यांनीच तो धुवायचा आणि खिडकीत पालथा घालायचा. पानी पण वरून ओततात. मी आईला विचारलं, तर आई म्हणाली, तसंच असतं.” एवढं बोलून तो अडला. पुढचं आठवेना. ‘धन्यवाद’ म्हणून खाली उतरला. दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

माझ्यापुढच्या कागदावर रकाने होते : मांडणी, भाषा, उच्चार, हावभाव, वेळेचं भान. ‘पाणी’ला तो ‘पानी’ म्हणाला होता. मी उच्चाराला दहापैकी चार दिले, वेळेला तीन. त्याला उत्तेजनार्थ बक्षीससुद्धा मिळालं नाही. पहिली आली त्या मुलीचं भाषण घडाळ्याच्या काट्यावर चाललं होतं, पण ते मोठ्या माणसानं लिहून दिलंय हे आम्हा तिन्ही परीक्षकांना ऐकता ऐकता कळत होतं. घरी जाताना माझ्या लक्षात आलं, की स्वतः पाहिलेली विषमता त्या दिवशी एकाच पोरानं सांगितली, आणि आम्ही त्यालाच मागे टाकलं.

आता गंमत बघा. ज्यांच्या जयंतीची स्पर्धा, त्या शाहू महाराजांच्या कोल्हापुरात चहाच्या कपाला इतिहास आहे. राजवाड्यात चाकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला हात लावला म्हणून मारहाण झाली. महाराजांनी त्यांना शहरात चहाचं दुकान काढायला मदत केली, आणि स्वतः तिथला चहा घेतला. बरोबरच्या बड्या मंडळींनाही घ्यायला लावला. 1919 साली संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सर्वांच्या शाळेत बसवायचा हुकूम निघाला. मार्च 1920 मध्ये माणगावच्या परिषदेत डॉ. आंबेडकर अध्यक्ष होते, आणि महाराज तिथं जाऊन त्यांच्याविषयी बोलले. म्हणजे या माणसाची समता कप, बाक, वसतिगृह, विहीर अशा हाताला लागणाऱ्या गोष्टींत होती. आमच्या स्पर्धेत तिची नुसती विशेषणं होतात : लोकराजा, द्रष्टा, थोर.

आपली राज्यघटनाही तशीच बोलते. कलम 15 उघडून बघा. भेदभाव करू नये एवढं म्हणून ती थांबत नाही. दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते अशी ठिकाणंच सांगते. भेदभाव कुठं होतो हे घटना लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी ठिकाणं लिहिली.

आणि एवढ्या लहान मुलांना हे जमेल का, असं कुणी विचारलं, तर मी मुक्ता साळवेचं नाव घेतो. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी ही मातंग समाजातली मुलगी, वय चौदाच्या आसपास. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्यात काय आहे? इमारतींच्या पायात माणसं पुरल्याची गोष्ट आहे. बाळंतपणाच्या वेळी डोक्यावर छप्पर नसलेल्या बायका आहेत. वेद वाचायचा अधिकार आम्हाला नाही, तर मग आमचा धर्म कोणता, हा सरळ प्रश्न आहे. आमच्या गुणपत्रिकेत या मुलीला ‘भाषा’ आणि ‘हावभाव’ या रकान्यांत किती गुण पडले असते, कोण जाणे!

आता जरा लांब जाऊ, कारण अशाच एका शालेय स्पर्धेची गोष्ट तिथं घडलीय. 1944 साल, अमेरिकेतलं जॉर्जिया राज्य. अटलांटाचा एक पंधरा वर्षांचा विद्यार्थी बाईंबरोबर डब्लिन नावाच्या गावी वक्तृत्व स्पर्धेला गेला. त्याचा विषय होता कृष्णवर्णीय माणूस आणि राज्यघटना. भाषण झालं. परतताना बसमध्ये गोरे प्रवासी चढले, आणि ड्रायव्हरनं या दोघांना जागेवरून उठायला सांगितलं. मुलगा उठायला तयार नव्हता. बाईंनी समजूत घातली, तेव्हा उठला. अटलांटापर्यंत नव्वद मैल, म्हणजे जवळजवळ दीडशे किलोमीटर, दोघं उभ्यानं आले. आयुष्यात आपण इतके कधीच चिडलो नव्हतो, असं त्यानं पुढं सांगितलं. त्या मुलाचं नाव मार्टिन ल्यूथर किंग. स्पर्धेत जे बोललो ते खरं आहे की नाही, हे त्याला परतीच्या बसमध्ये कळलं.

आपल्या मुलांचीही परतीची एसटी असतेच. म्हणून शिक्षक मंडळींनो, मी चार साध्या सूचना करतो.

पहिली, विषय प्रश्नाच्या रूपात द्या. ‘स्त्री-पुरुष समानता : काळाची गरज’ म्हटलं की पाठांतर आलंच. त्याऐवजी विचारा : खेळाच्या तासाला मैदान कुणाच्या वाट्याला येतं? किंवा शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं थांबवायचं ठरवलं. तसा ठराव आमच्या गावात झाला तर पाळला जाईल का? याचं तयार भाषण मिळत नाही. आजीला, आत्याला, शेजारच्या काकूंना विचारावंच लागतं.

दुसरी, भाषण संपल्यावर परीक्षकांनी एक-दोन प्रश्न विचारावेत, आणि त्याला गुण ठेवावेत. लिहून दिलेलं भाषण तिथं उघडं पडतं, आणि अडखळणाऱ्या पोराला दुसरी संधी मिळते.

तिसरी, ‘उच्चार’ हा रकाना काढा, ‘स्पष्टपणा’ ठेवा. शेवटच्या बाकावर ऐकू आलं, समजलं, की झालं. घरची बोली बोलला म्हणून समतेच्या स्पर्धेत गुण कापायचे, यातला विरोधाभास मी वेगळा सांगायला नको.

चौथी, वेळ आणि प्रवास. चंदगडहून कोल्हापूर शंभरेक किलोमीटर. बक्षीस समारंभ संध्याकाळी सातला ठेवला, की तिथल्या मुलींना घरून परवानगी मिळत नाही. स्पर्धा दुपारी संपवा, शक्य असेल तर तालुक्याला घ्या.

एक धोकाही सांगतो. अनुभव सांगा म्हणालो, म्हणून कुणाही पोराला स्वतःचा अपमान स्टेजवर उघडा करायला लावू नका. जखमेला गुण द्यायचे नसतात. आणि सोसणाऱ्यानंच बोलायचं, असा नियमही नाही. माझ्या त्या मुलानं सांगितला तो कप त्याच्या स्वतःच्या घरातला होता. ते सांगायला जास्त धाडस लागतं, कारण भाषणानंतर त्याच घरी जेवायला जायचं असतं.

तो मुलगा मला परत भेटला नाही. त्या संध्याकाळी तो घरी काय बोलला, कपाचं काय झालं, मला माहीत नाही. पण तेव्हापासून परीक्षक म्हणून बोलावणं आलं, की मी संयोजकांकडं आधी गुणपत्रिका मागतो आणि रकाने वाचतो. तुम्हीही मागा.