डोकेदुखी आणि एक चिठ्ठी

'शीर सलामत तर पगडी पचास' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु त्या शिरातच कळ उठली म्हणजे घरातील मंडळी बोटाच्या चिरेकडे देतात तितकेही लक्ष तिकडे देत नाहीत. ताप आला तर पारा दाखवितो, हाड मोडले तर सूज दिसते. डोकेदुखीस मात्र साक्षीदार कोणी नाही. ज्याचे दुखते त्याचा शब्द तेवढाच पुरावा, आणि त्यावर विश्वास ठेवणे आपल्या जिवावर येते. 'उन्हात हिंडला असशील', 'पित्त झाले असेल', 'रात्री तो मोबाइल पाहतोस ना' असे दोन-चार निकाल देऊन, सुंठेचा लेप लावून, आपण प्रकरण दप्तरी दाखल करून टाकतो. आम्हीही ह्याच पंथाचे होतो. तो पंथ आम्ही का सोडला, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आमचा एक भाचा नोकरीनिमित्त साताऱ्यास आमच्याच घरी राहतो. वय चौतीस, प्रकृती निकोप, स्वभाव शांत. काही वर्षांपूर्वी फाल्गुनात एका रात्री दोनच्या सुमारास तो जागा झाला, तो उजव्या डोळ्यामागे कोणी तापलेली सळई खुपसावी अशा वेदनेने. डोळा लालभडक, त्यातून पाण्याची धार, त्याच बाजूची नाकपुडी बंद, पापणी किंचित उतरलेली. आणि एका जागी म्हणून स्थिर राहवेना. ओसरीवरून अंगणात आणि अंगणातून ओसरीवर येरझारा, मधूनच भिंतीवर कपाळ टेकून मुठी आवळणे. तासाभराने सारे ओसरले. दुसऱ्या रात्री त्याच वेळी पुन्हा तेच. असे सहा आठवडे चालले आणि दुखणे आपण होऊन नाहीसे झाले. 'लेपाचा गुण!' असे आम्ही म्हणालो. पुढील वर्षी त्याच ऋतूत ते परत आले आणि त्याच्या पुढील वर्षीही आले, तेव्हा लेपाचा गुण किती तो कळून चुकला.

मध्यंतरी उपायांत कसूर केली नाही. नाक चोंदते म्हणून सायनसची औषधे झाली. डोळा दुखतो म्हणून चष्मा बदलला. कळ जबड्यापर्यंत उतरते म्हणून दाढ काढली. दाढ गेली आणि दुखणे राहिले. आम्ही स्वतः ह्यास छातीठोकपणे अर्धशिशी म्हणत होतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शिरोरोगांचे अकरा प्रकार सांगितले आहेत. सूर्यावर्त, अनंतवात, अर्धावभेदक, शंखक ही नावे आमच्या जिभेवर होती. परंतु नावे पाठ असणे वेगळे आणि समोरचा रोगी ओळखणे वेगळे. अर्धशिशीचा रोगी बहुधा अंधाऱ्या खोलीत निश्चल पडून राहतो, उजेड व आवाज त्यास सोसत नाही, आणि दुखणे कित्येक तास, प्रसंगी दोन-तीन दिवसही टिकते. आमचा भाचा तर क्षणभर बसत नव्हता. हा भेद आमच्या डोळ्यांसमोर प्रत्यक्ष घडत असता आम्हांस तो दिसला नाही.

तिसऱ्या वर्षी एका रात्री कळ ओसरल्यावर तो ओसरीच्या पायरीवर बसला आणि हळूच म्हणाला, 'मामा, गच्चीच्या दाराला कुलूप लावून किल्ली तुमच्याजवळ ठेवा.' आम्ही कुलूप लावले. सकाळपर्यंत आम्हां उभयतांस झोप आली नाही. पहाटे आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, 'आता भीड पुरे झाली. डॉक्टरांकडे चिठ्ठी मागा.'

ही भीड कसली, ते सांगितले पाहिजे. आमचे घरचे डॉक्टर म्हणजे आमचेच एके काळचे विद्यार्थी. वर्गात ज्यास 'तू' म्हटले त्यास दवाखान्यात 'तुम्ही' म्हणताना आधीच जीभ अडखळते. त्यातून 'तुमच्याने हे होत नाही, मोठ्या डॉक्टरांस चिठ्ठी द्या' असे कसे म्हणावे? त्यांचा अपमान होईल, उद्या अडीअडचणीस ते धावून येणार नाहीत, असे भय मनात होते. वास्तविक खाजगी तज्ज्ञाकडे चिठ्ठीवाचूनही जाता येते. परंतु कोणत्या तज्ज्ञाकडे, हेच आम्हांस ठाऊक नव्हते; आणि डॉक्टरांच्या पाठीमागे जाणे हा तर अधिकच अपमान वाटे. अशा रीतीने आमच्या सौजन्यापायी तीन वर्षे दुसऱ्याचे डोके दुखत राहिले.

शेवटी गेलो. जाताना सौभाग्यवतींनी एक वही हाती दिली. त्या वर्षीच्या प्रत्येक रात्रीची नोंद त्यांनी निमूटपणे केली होती: किती वाजता सुरू, किती वाजता बंद, कोणती बाजू, कोणती गोळी, गुण आला की नाही. दोन वेळा त्यांनी मोबाइलवर त्या लाल डोळ्याचे छायाचित्रही घेतले होते. डॉक्टरांनी वही पुरती वाचली, छायाचित्रे पाहिली आणि थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, 'सर, हा दर वेळी दिवसा माझ्याकडे येई, तेव्हा डोळा अगदी स्वच्छ असे. रात्रीचे हे रूप मी कधी पाहिलेच नव्हते.' त्याच टेबलावर त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि पुण्याच्या तज्ज्ञांस स्वतः दूरध्वनी केला. आमची तीन वर्षांची भीड दहा मिनिटांत निरर्थक ठरली.

त्या चिठ्ठीत काय होते, हे वाचकांनी लक्षात ठेवावे: दुखण्याची बाजू, वेळ, कालावधी व सोबतची लक्षणे, आजवर दिलेली औषधे, त्यांची मात्रा व परिणाम, इतर आजार, आणि तज्ज्ञांस विचारलेला नेमका प्रश्न. 'डोकेदुखी, कृपया पाहावे' एवढीच चिठ्ठी असेल तर ती चिठ्ठी असून नसल्यासारखी. दुसरे असे की, अशा दुखण्यास प्रथम न्यूरॉलॉजिस्ट पाहिजे, न्यूरोसर्जन नव्हे. पहिला औषधोपचार करणारा, दुसरा शस्त्रक्रिया करणारा. पहिल्याच्या पाटीवर एम्.डी. नंतर डी.एम्. किंवा डी.एन्.बी. आणि न्यूरॉलॉजी ही अक्षरे पाहावीत.

पुण्याच्या तज्ज्ञांनी वही पाहिली, चार प्रश्न विचारले, आणि मग नम्रपणे आम्हांस म्हणाले, 'आपण थोडा वेळ बाहेर बसता का?' आम्ही मनातून दुखावलो, पण बसलो. परतताना एस्.टी.त भाच्याने खाली मान घालून सांगितले की, कार्यालयातील मित्रांबरोबर तो कधीमधी मद्याचा एखादा पेला घेतो, आणि दुखण्याच्या त्या आठवड्यांत पेला घेतला की तासाभरात कळ उठते. ही रोगाची मोठी खूण होती. परंतु आजवर प्रत्येक डॉक्टरांसमोर आम्ही त्याच्या शेजारी खुर्चीवर बसलेलो. तो बोलणार कसा? आम्हांस राग यावयास हवा होता. आला तो स्वतःचाच.

निदान झाले ते 'क्लस्टर हेडेक'चे, म्हणजे घोसाघोसाने येणाऱ्या डोकेदुखीचे. लंडनचे विल्फ्रेड हॅरिस ह्यांनी १९२६ च्या सुमारास आणि अमेरिकेत हॉर्टन ह्यांनी १९३९ मध्ये तिचे वर्णन केले. 'क्लस्टर' हे नाव १९५२ पासूनचे. एकेक झटका १५ मिनिटांपासून ३ तासांपर्यंत टिकतो आणि दिवसाआड एकापासून दिवसाला आठपर्यंत येऊ शकतो. मेंदूतील हायपोथॅलॅमस ह्या भागाशी, जेथे शरीराचे घड्याळ असते, ह्या दुखण्याचा संबंध आहे. म्हणूनच ते ठरल्या वेळी व बहुधा ठरल्या ऋतूत येते. निदान मुख्यतः हकिकतीवरून होते, एम्.आर.आय. काढतात तो दुसरे काही दडलेले नाही ना, हे पाहण्यासाठी.

उपाय ऐकून आम्ही थक्क झालो. झटका येताच ताठ बसून, पिशवी लावलेल्या मुखवट्यातून शुद्ध प्राणवायू मिनिटास १२ ते १५ लिटर ह्या वेगाने पंधरा मिनिटे घ्यावयाचा. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इंग्रजी प्रयोगात अशा प्राणवायूने १०० पैकी ७८ झटक्यांत पंधरा मिनिटांत वेदना थांबली किंवा पुरेशी उतरली. साध्या हवेने केवळ २० झटक्यांत. २०२१ च्या साथीत घरोघरी आलेली विजेवरील यंत्रे येथे सहसा पुरत नाहीत, कारण एवढा वेग त्यांस नसतो. नळकांडेच लागते, आणि त्याजवळ विडी, सिगारेट किंवा समई मुळीच नको. जोडीस सुमाट्रिप्टानची सुई, आणि झटके येऊच नयेत म्हणून व्हेरापामिल. हे हृदयाच्या गतीवर परिणाम करते, म्हणून इ.सी.जी. काढून मात्रा ठरवितात. ही सर्व औषधे तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यावयाची.

आणखी दोन गोष्टी. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अथवा मिश्र गोळी १० किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांवर घेत राहिल्यास त्या गोळीनेच डोके दुखू लागते. आणि पुढील लक्षणांत चिठ्ठीची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे: क्षणात शिखरास पोचलेली, आयुष्यात पूर्वी कधी न झालेली वेदना, ताप व मान आखडणे, बोलणे अडखळणे, हातपाय लुळे पडणे, डोक्यास मार लागल्यानंतरचे दुखणे, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, विशेषतः चावताना जबडा दुखत असल्यास किंवा दृष्टी मंदावल्यास. रोग्याच्या तोंडून जगण्याचा कंटाळा निघाला तर त्यास एकटे सोडू नये. शासनाची 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस असते.

यंदा फाल्गुनात दुखणे पुन्हा आले. ते मुळापासून गेलेले नाही, असे आम्ही खोटे सांगणार नाही. परंतु नळकांडे कोपऱ्यात तयार होते. पहिल्या रात्री भाचा खुर्चीवर मुखवटा लावून बसला, सौभाग्यवती घड्याळ घेऊन शेजारी बसल्या, आणि चौदाव्या मिनिटास त्याने हात वर करून खूण केली. गच्चीचे दार आता उघडे असते.

वाचकहो, आपल्या घरी कोणी असे डोके धरून बसत असेल तर तीन गोष्टी कराव्यात: वही घालावी, घरच्या डॉक्टरांकडे निःसंकोच चिठ्ठी मागावी, आणि तपासणीच्या वेळी, रोगी सज्ञान असल्यास, वडीलधाऱ्यांनी आपण होऊन बाहेर बसावे. चांगला डॉक्टर चिठ्ठी मागितल्याने रागावत नाही. आणि जो रागावेल, त्याच्या रागापेक्षा आपल्या माणसाचे डोके अधिक मोलाचे आहे.